श्रवण मात्र उरले

(कार्तिकी एकादशीच्या रात्री देवालयाच्या सभामंडपात झालेले प्रवचन)



छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात इंद्रियांचा एक वाद आला आहे. वाणी, नेत्र, श्रोत्र, मन आणि प्राण यांत श्रेष्ठ कोण, असा तंटा लागला आणि ती सारी प्रजापतीकडे गेली. प्रजापतीने निवाडा दिला तो असा, की ज्याच्या जाण्याने हे शरीर अगदी हीन दिसू लागेल तो तुमच्यांत श्रेष्ठ समजावा. मग वाणी एक वर्ष निघून गेली. परत येऊन पाहते तो शरीर मुक्या माणसाप्रमाणे जगतच होते. नेत्र गेले, तेव्हा ते आंधळ्याप्रमाणे जगले. श्रोत्र गेले, मन गेले, तरी संसार चाललाच. शेवटी प्राणाने पाऊल उचलले मात्र, आणि जातिवंत घोडा उधळताना पायबंदाच्या मेखा जशा उपटून नेतो तशी बाकीची सारी इंद्रिये आपापल्या जागेवरून उखडू लागली. तेव्हा ती हात जोडून म्हणाली, आपण जाऊ नये, आपणच आम्हांत श्रेष्ठ.

ही कथा मी वीस-बावीस वर्षे सांगत आलो आहे. घोड्याचा दृष्टांत आला की श्रोते माना डोलवितात आणि वक्ता पुढे सरकतो. मीही सरकत असे. आज मला तिच्यापाशी थांबावयाचे आहे. कारण वाणी गेली, नेत्र मिटले, हातपाय गेले, प्राणही निघाला आणि श्रोत्र तेवढे मागे राहिले, अशी अवस्था या देहाने भोगली आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ती हकीकत ऐकली आहे. जी ऐकली आहे ती खरी नव्हे, आणि ती तशीच राहू देण्यात दोष माझा आहे. तीन वर्षे मी याविषयी तोंड उघडले नाही. का उघडले नाही तेही सांगतो, पण क्रमाने येऊ द्या.

सन २०२२ चा श्रावण. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पलीकडे रानातील एका गावी भागवत सप्ताह होता. मलप्रभा जेथे उगम पावते त्या कणकुंबीच्याच मुलखातील हे गाव. पाऊस इतका, की मंडपाचे पत्रे दिवसभर वाजत आणि वक्त्याला आवाज चढवावा लागे. सहाव्या दिवशी रुक्मिणीस्वयंवर झाले, महाप्रसाद झाला, मंडळी पांगली. पाटलांनी आपल्या घरी पलंग मांडून ठेवला होता. मी म्हणालो, सप्ताहात भूमिशयनाचा नियम असतो, मी देवळातच निजेन. नियम खरा, पण तो पाळताना वर मच्छरदाणी बांधू नये असे कोणत्याही ग्रंथात सांगितलेले नाही, हे मला त्या रात्री सुचले नाही. थोडा मोठेपणाही त्यात होता, तो आता कबूल करण्यास हरकत नाही. निजण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीचा प्रसंग पोथीत काढून मी खूण घातली. तो प्रसंग परीक्षितीच्या तक्षकदंशाचा होता.

रात्री मला काहीही जाणवले नाही. हे मुद्दाम सांगतो. साप डसला म्हणजे माणूस ओरडून उठेल, दोन दातांच्या खुणा दिसतील, पाय सुजेल, अशी आपली समजूत आहे. घोणस, फुरसे यांच्या दंशात बहुधा तसे होतेही. मण्यारीची रीत निराळी. काळसर अंगावर बारीक पांढरे पट्टे असलेला हा साप रात्री हिंडतो, उंदीर, पाली आणि इतर साप यांच्या शोधात घरात शिरतो, आणि भुईवर निजलेल्या माणसाचा हात किंवा कूस त्याच्यावर पडली की डसतो. दात इतके बारीक, की पुष्कळदा खूण सापडत नाही आणि निजलेल्याची झोपही मोडत नाही.

पहाटे चारच्या सुमारास पोटात कळ आली. महाप्रसादाच्या लाडवांवर आळ गेला. माझा भाचा पेटीच्या साथीला बरोबर होता, त्याने ओवा दिला, हिंग दिले, लिंबाचे पाणी दिले. तासाभराने स्नानाला उठलो तो मान सावरेना, आणि बोलू गेलो तो शब्द नाकातून येऊ लागले. पाटलांची वृद्ध आई फुले घेऊन देवळात आली होती. तिने समई उचलून माझ्या तोंडाजवळ धरली आणि म्हणाली, "बुवांचे डोळे असे का मिटूलालेत?"

मग जे होते तेच झाले. चार माणसे जमली, चार मते निघाली. कोणी म्हणाले, वारे लागले. एकाला संशय आला की जनावर लागले असावे. त्यावर गावातील वडीलधारे एक गृहस्थ म्हणाले, "देवाच्या पायरीशी बसवा, अंगारा लावा, कडुलिंबाचा पाला चावायला द्या, सूर्यास्तापर्यंत निजू देऊ नका. विष उतरेल. परवा बुवांनीच सांगितले नाही काय?"

सांगितले होते. सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी, श्रोत्यांना पेंग येऊ लागली होती म्हणून, एका देवळाच्या पायरीवर सर्पदंशाचा माणूस वैद्यावाचून उठून बसल्याची गोष्ट मी रंगवून सांगितली होती. ती माझ्या गुरूंनी मला सांगितली, त्यांना कोणी सांगितली हे मला ठाऊक नाही. आता ती माझ्याच पायात येऊन अडकली, आणि ती काढून टाकण्यास वाणी उरली नव्हती.

तेवढ्यात गावातील आशाताई आल्या. सरकारने खेडोपाडी आरोग्याच्या कामासाठी ज्या स्त्रिया नेमल्या आहेत त्यांपैकी त्या एक. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. मला म्हणाल्या, "बुवा, मान न हलवता वर आढ्याकडे पाहा." मी पाहू गेलो, पापण्या अर्ध्यावर राहिल्या. "रात्री भुईवर निजला होता? पोटात दुखते?" मी मान हलविली. त्या पाटलांकडे वळून म्हणाल्या, "मण्यार आहे. पायरीशी बसविलेत तर दुपारपर्यंत टिकणार नाहीत. जीप काढा." त्या गावात एका टेकाडावर चढल्याशिवाय फोन लागत नाही. एक मुलगा पावसातून टेकाडावर धावला, त्याने १०८ क्रमांकाच्या गाडीला थेट रुग्णालयाशीच येण्यास सांगितले, आणि इकडे भाजीच्या जीपमध्ये मला आडवे घालून मंडळी निघाली.

रुग्णालय म्हणजे सहा खाटांचे कौलारू घर. एक तरुण डॉक्टर, एक परिचारिका आणि एक शिपाई, एवढाच परिवार. ज्याला व्हेंटिलेटर म्हणतात ते श्वासाचे यंत्र तेथे नव्हते. परंतु जे होते ते जागच्या जागी होते, आणि कोणत्या वेळी काय करावयाचे हे त्या तिघांना ठाऊक होते. परिचारिकेने काचेच्या कोरड्या नळीत माझे थोडे रक्त काढून नळी फळीवर उभी केली आणि घड्याळाकडे पाहिले. वीस मिनिटे तिला कोणी हात लावावयाचा नाही. वीस मिनिटांनी नळी कलती करावयाची. रक्त पातळच राहिले तर घोणस किंवा फुरसे, कारण त्यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती हरण करते. माझे रक्त गोठले होते. तेव्हा विष मज्जातंतूंचे, म्हणजे नाग किंवा मण्यार. आणि अंगावर सूज कोठेच नाही, त्यामुळे मण्यारच. पण डॉक्टर त्या नळीसाठी थांबले नव्हते. पापण्या पाहूनच त्यांनी प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या होत्या. या औषधाने एखाद्याच्या अंगावर गांधी उठतात, रक्तदाब एकाएकी कोसळतो, म्हणून त्यावरील इंजेक्शनही सुईत भरून उशाशी ठेवले होते.

हे प्रतिविष घोड्यापासून मिळते. घोड्याला विषाची अल्प मात्रा वाढवीत वाढवीत देतात, त्याचे रक्त त्या विषाला जिंकण्यास शिकते, आणि त्या रक्तातील रस शुद्ध करून आपल्याला देतात. त्यासाठी लागणारे विष पुष्कळ अंशी तामिळनाडूतील इरुळ आदिवासी काढून देतात. चेन्नईजवळ त्यांची १९७८ पासून सहकारी संस्था आहे. ते साप धरतात, विष काढतात आणि सापाला पुन्हा रानात सोडतात. उपनिषदातील घोडा मेखा उपटीत होता. येथे दुसरेच घोडे, ज्यांना मी कधी पाहिले नाही, त्या मेखा पुन्हा ठोकू पाहात होते.

तथापि प्रतिविषाची शक्ती मर्यादित आहे, हे मला मागाहून कळले. रक्तात मोकळे हिंडणारे विष ते बांधून टाकते. मज्जातंतूंच्या ज्या टोकांवर विषाचा घाव आधीच बसला ती टोके ते उभी करू शकत नाही. ती नव्याने यावी लागतात, आणि त्याला दिवस लागतात. तोपर्यंत माणसाचे हृदय चालते, मेंदू जागा असतो. केवळ छाती हलत नाही. म्हणजे ते काही दिवस दुसऱ्या कोणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यावयाचा असतो.

माझे एकेक इंद्रिय निघाले ते असे. प्रथम गिळणे गेले, लाळ घशात साचू लागली. मग वाणी पूर्ण गेली. मग पापण्या मिटल्या त्या मिटल्याच. हात उचलावा म्हटले तर तो दुसऱ्याचा असावा तसा पडून राहिला. कान मात्र जसेच्या तसे. पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता, परिचारिकेच्या चपला ऐकू येत होत्या, आणि भाच्याचे हुंदके. श्वास घ्यावयाचा आहे हे मला कळत होते. छाती आज्ञा मानीत नव्हती. ती भीती कशी असते ते शब्दांत सांगता यावयाचे नाही, आणि मी प्रयत्नही करीत नाही.

त्या वेळी कोणीतरी जवळून म्हणाले, "गेले." दुसरा म्हणाला, "अजून धुगधुगी आहे. तुळस घाला, गंगा घाला." सप्ताहाचे गाव, तेव्हा गंगोदकाची कुपी आणि तुळशीपत्र बरोबर घेऊनच मंडळी निघाली होती. ओठांना बोटे लागली. बोटे भाच्याची होती, ती मी ओळखली. पुत्रवत् वाढविलेल्या मुलाने अंतकाळी मुखात गंगा घालावी, याहून धर्मनिष्ठ मनुष्य काय इच्छील? आणि मी आत जिवंत होतो, आणि ते सांगण्यास माझ्यापाशी एक बोटही नव्हते.

परिचारिकेने त्याचा मनगटाशी हात धरला. ती म्हणाली, "दादा, थांबा. यांना गिळता येत नाही. थेंबभर पाणी घातलेत तर ते फुप्फुसात जाईल, आणि मग खरोखरच जातील. देवाचे नाव घ्या, कानाशी मोठ्याने घ्या. ते ऐकत असतील." आणि तिने माझ्या तोंडावर रबरी मुखवटा दाबला आणि पिशवी दाबली. थंड वारा आत आला. तो माझा नव्हता, पण त्याने छाती वर उचलली.

या प्रसंगाविषयी एक बाजूची गोष्ट सांगतो. तुळशीपत्राचा आणि गंगोदकाचा संस्कार मी आपल्यापैकी कित्येकांच्या घरी स्वतः करविला आहे, आणि पुढेही करवीन. माझ्या मनात त्याविषयी अनादर नाही. परंतु हा अंतकाळ आहे हे ठरवावयाचे कोणी? मण्यारीच्या विषाने माणसाचे डोळे मिटतात, बुबुळे हलत नाहीत, बाहुल्यासुद्धा उजेडाला दाद देत नाहीत. अनभ्यस्त माणसाला तो मृत्यूच वाटतो. वैद्यांनाही येथे फार सावध राहावे लागते. मला जर कोणी सकाळी विचारले असते की बुवा, अशा माणसाच्या मुखात गंगा घालावी काय, तर मी निःशंक सांगितले असते, घालावी. तो निःशंकपणा मला अजून टोचतो.

पुढे डॉक्टरांनी घशातून श्वासनळीत नळी बसविली. त्या नळीच्या टोकाला ती रबरी पिशवी लावली. तिला अंबू बॅग म्हणतात. दाबली की वारा आत जातो, सोडली की ती आपोआप फुगते. १०८ ची गाडी आली, आणि मोठ्या शहरातील रुग्णालयाकडे आम्ही निघालो. गाडीतील मनुष्य एकटा पुरणार नाही म्हणून रुग्णालयाचा तो शिपाईही चढला. दीड तासाची वाट, रस्त्यावर खड्डे, आणि एके ठिकाणी झाड पडलेले. झाड हटेपर्यंत गाडी थांबली, पिशवी थांबली नाही. एकाचा हात भरून आला की दुसरा घेई. शिपाई कन्नड बोलणारा होता, मराठी त्याला मोडकीतोडकी येत असे. तो मोजीत होता, "ओंदु, येरडु, मूरु, नाल्कु, ऐदु," आणि दर ऐदुला पिशवी दाबीत होता. मिनिटाला बारा वेळा. दीड तासाचे गणित आपण घरी करा. हजाराच्या वर जाते.

लोक मला विचारतात, बुवा, त्या वेळी देव दिसला काय? नाही दिसला. लोक असेही सांगतात, की बुवा आतल्या आत नामस्मरण करीत होते. मी विष्णुसहस्रनाम आठवू पाहिले. पाठ असलेले, नित्याचे. दहा-बारा नावांपुढे ते सुटले, पुन्हा धरले, पुन्हा सुटले. मग मी दुसरे काही धरले नाही. मी त्या माणसाबरोबर ओंदु, येरडु मोजीत राहिलो, कारण ऐदु आले की वारा येत असे. आपल्या या सीमाभागात भाषेवरून काय काय झाले आहे, कोणी किती सोसले आहे, ते या मंडपातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्याचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. माझ्या देहात त्या दिवशी प्राण शिरत होता तो कन्नड अंकांनी मोजून शिरत होता, एवढे नमूद करून पुढे जातो.

मोठ्या रुग्णालयात मी सहा दिवस श्वासाच्या यंत्रावर होतो. डोळे सुकू नयेत म्हणून तेथील परिचारिका पापण्यांत थेंब घालून पट्टी लावीत. तिसऱ्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. तेथील भूलतज्ज्ञ डॉक्टर मोठे बोलके गृहस्थ होते. नळी निघाल्यावर त्यांनी मला एक इतिहास सांगितला. सन १९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या गळ्याला छिद्र करून नळी घातली आणि हाताने पिशवी दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. पण रोगी शेकड्यांनी, आणि यंत्रे नाहीत. मग वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना बोलावले. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्महिने, रात्रंदिवस, रोग्यांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजची अतिदक्षता विभागांची पद्धत तेथून निघाली, आणि आपोआप फुगणारी ती पिशवीही पुढे त्याच देशात तयार झाली. प्राणायामावर मी पुष्कळ बोललो आहे, पूरक, कुंभक, रेचक. दुसऱ्याच्या नाकातोंडात पूरक करीत आठ-आठ तास बसणाऱ्या त्या पोरांचा उल्लेख माझ्या एकाही प्रवचनात नव्हता, कारण मला तो ठाऊकच नव्हता.

पुढच्या माघात मी त्या कौलारू रुग्णालयात गेलो. शिपाई समोर उभा होता आणि मी त्याला ओळखले नाही. ओळखणार कसा, त्याचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. परिचारिकेने, हाच तो, असे सांगितले. मी त्याला म्हणालो, जरा पाचपर्यंत मोजा. तो हसला, लाजला, आणि मोजले. मी शाल दिली ती त्याने घेतली. नमस्कार करू गेलो तो मात्र करू दिला नाही.

येथवर सारे सुखाचे. आता जे सांगावयास मी बसलो आहे ते सांगतो.

मी रुग्णालयात असताना गावाने सप्ताह मोडला नव्हता. भाच्याच्या जागी दुसरा पेटीवाला बसला, माझ्या जागी गावातील एका वृद्धाने पोथी वाचली, आणि सातव्या दिवशी परीक्षितीचा प्रसंग वाचून समाप्ती झाली. त्यांच्या भक्तीला मी नमस्कारच करतो. पण तेथून एक कथा निघाली. बुवा मेले होते, गंगा-तुळस आणली होती, इकडे पोथी समाप्त झाली आणि तिकडे बुवांनी अंगठा हलविला. तक्षक परतला. त्या कथेत आशाताई नव्हत्या, दहा कुप्या नव्हत्या, पिशवी नव्हती. पुढील दोन वर्षांत मला गावोगावची बोलावणी आली. हार घातले, नारळ दिले, दक्षिणा दिली, आणि निवेदक उभा राहून ती कथा सांगे. मी खाली मान घालून बसत असे. लोकांना तो विनय वाटे. खोटे मी एकदाही बोललो नाही; खरेही बोललो नाही. ऐकावयास ते गोड होते, हे एक. आणि जे सांगितल्याने भक्ती वाढते ते मोडावे कशाला, असे दुसरे एक कारण मी स्वतःपाशी करीत असे.

यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या पावसाळ्यात त्याच गावात नऊ वर्षांच्या एका मुलाच्या पोटात पहाटे कळ आली. तो आजीजवळ भुईवर निजला होता. पापण्या उतरल्या. आशाताई त्या दिवशी तालुक्याला गेल्या होत्या. घरच्यांनी मुलाला उचलून देवळात नेले आणि मी ज्या मंडपात निजलो होतो तेथेच पायरीशी बसविले. पोथी उघडली. बुवांना उतरले, तसे बाळाला उतरेल, असे त्याचा बाप म्हणाला, हे मला त्या बापानेच सांगितले. माझ्यावर रागावून नव्हे. त्याला विचारावयाचे होते, की बुवा, आमचे वाचनात काय चुकले?

मी त्याला तेथेच सारे सांगितले. जे आता आपल्याला सांगत आहे तेच. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "मग हे आधी का सांगितले नाही?"

सज्जनहो, देवळाच्या पायरीवर माणसे वाचत नाहीत असे नाही. वाचतात. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप डसला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. अशी माणसे पायरीवर वाचतात, घरी वाचतात, वाटेवरही वाचतात, आणि पायरीवर वाचलेल्यांची कथा होते. जे वाचत नाहीत त्यांची कथा कोणी सांगत नाही. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे गेली असा संशोधकांचा हिशेब आहे, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. बहुतेक खेड्यातील, आणि निम्मी पावसाळ्याच्या चार महिन्यांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची केली, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली. योजना होतील तेव्हा होतील.

परीक्षितीच्या कथेत काश्यप नावाचा एक ब्राह्मण आहे. त्याला विष उतरविता येत असे आणि तो राजाला वाचविण्यास निघाला होता. वाटेत तक्षकाने त्याला गाठले, पुष्कळ द्रव्य दिले आणि परत पाठविले. महाभारतात हे विस्ताराने आहे, भागवतातही आहे. वक्ते हा भाग चटकन् उरकतात, कारण पुढे राजाचे निर्वाण रंगवावयाचे असते. मी पुन्हा तो भाग वाचला तेव्हा काश्यपाच्या जागी मला दुसरे कोणी दिसेना. द्रव्य घेऊन वाटेवरून परतलेला तो मीच.

आपल्या देवालयाच्या धर्मशाळेत वारीच्या व सप्ताहाच्या दिवसांत चाळीस-पन्नास माणसे भुईवर निजतात. समितीपुढे मी विनंती ठेवली होती ती समितीने मान्य केली आहे. प्रत्येकाला मच्छरदाणी द्यावयाची, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचून घ्यावयाच्या. याने डासही राहतो आणि मण्यारही. वृद्धांसाठी आठ खाटा करावयाच्या. रात्री बाहेर जाणाऱ्यासाठी दाराशी विजेरी टांगावयाची. दंश झाल्यास बांधू नये, कापू नये, चोखू नये, तोंडात काही घालू नये, अंग हलू न देता थेट रुग्णालयात न्यावे, आणि क्रमांक १०८, ही पाटी मराठीत व कन्नडात महाद्वाराच्या आत लागेल. पायरीशी बसविण्यास कोणी रोगी आणला तर पुजाऱ्यांनी देवाचा अंगारा त्याच्या कपाळी लावावा आणि त्याच पावली गाडीत बसवावे, असेही ठरले आहे.

चिटणिसांनी खर्चाची वही उघडली आहे. त्या दोन वर्षांतील सत्कारांची जी दक्षिणा मजकडे होती ती पहिल्या पानावर जमा आहे. दुसऱ्या ओळीत त्या मुलाच्या बापाने दोन मच्छरदाण्यांचे पैसे पाठविले आहेत. पुढील पाने मोकळी आहेत, आणि वही आज रात्री आरतीनंतर गाभाऱ्याच्या उजव्या हाताला ठेविली जाईल.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥